बिल्ल्याच्या कडेवरचं नाव

आबा,

बिल्ला आला. खरा. पहिलं तेच लिहितो, कारण गोष्टीचा शेवट आधी ऐकायची तुमची सवय. आई बाजारातनं आली की तुम्ही दारातच विचारायचा, "म्हशीचं काय झालं ते सांग, गाडी कुठं बंद पडली ते मागनं." तर बिल्ला आला, त्याच्या कडेवर तुमचं नाव आहे, आणि आई खुशीत आहे. आता मागनंचं सगळं.

मी सध्या लडाखात असतोय. तुम्ही फौजेत असताना होता तीच जागा म्हणत नाही, पण बाजू तीच. रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो. तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होतो. पुढं नववीत मी शाळेला सोडलं की शाळेनं मला, हे अजून दोघांनाही नक्की माहीत नाही. मग पुण्यात हॉटेलात राहिलो, गोव्याला मासळीच्या बोटीवर, सुरतेला साड्यांचे गठ्ठे उचलले. एका जागी बूड टेकत नाही म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्या. "पायाला भिंगरी लावूनच जलमलायस," म्हणते ती. भिंगरी फिरत फिरत इतकी वर आली की आता याच्यावर चढायला जागाच नाही. आज पुढं दरड आलीय, रस्ता बंद, मशीन गप. पत्र्याच्या शेडमध्ये मगात चहा घेऊन बसलोय. हा मग तुमच्या मगासारखाच, पांढरा, निळ्या काठाचा, टवके उडालेला.

रविवारी सकाळी तुम्ही आईला चुलीपुढनं उठवायचा आणि स्वतः बसायचा, ते आठवतं. गुडघे पोटाशी घेऊन, कानाला मफलर, उन्हाळ्यात पण. आमटी ढवळता ढवळता सांगायचा, "वर डाळ शिजत न्हाय रं, माणूस शिजतोय." मला ती थाप वाटायची. इथं आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी पाळी होती स्वयंपाकाची. मी कुकर न लावता उघड्या पातेल्यात डाळ टाकली. दुपार गेली, डाळ खडीसारखी. सगळे मला शिव्या घालायला लागले आणि मी एकटाच हसतोय. मुकादम बिहारचा आहे, त्याला वाटलं ह्याला उंचावरची हवा लागली. त्यानं मला झोपवून वर तीन पांघरुणं टाकली. मी पांघरुणातनं पण हसतच होतो. आबा, थाप नव्हती ती.

तर बिल्ला. तुम्ही मेडल म्हणायचा, आईनं त्याचा बिल्ला केला, आणि गावानं आईचं ऐकलं. पत्र्याच्या डब्यात निळ्या मखमलीच्या तुकड्यावर लावून ठेवलेले. दिवाळीआधी तुम्ही चिंच लावून घासायला घ्यायचा आणि मी फडका धरायचो. एका बेंदराला मी त्यातला एक काढून आपल्या थोरल्या बैलाच्या कपाळाला बांधलता, बाशिंगाच्या खाली. मिरवणूक वेशीपर्यंत गेली तेव्हा तुमच्या ध्यानात आलं. मला वाटलं आता पट्टा निघणार. तुम्ही बैलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणालात, "त्यो माझ्यापरास जास्त राबतोय, त्येला शोभतंय. पर बिल्ला घालायच्या आधी सल्यूट ठोकायचा असतोय, त्यो का ठोकला न्हाईस?" मग भर मिरवणुकीत मला बैलाला सल्यूट ठोकायला लावलात. अजून गावात कोण कोण मला बघितलं की तसाच हात कपाळाला लावतात.

गेल्याच्या गेल्या पंधरा ऑगस्टला त्याच बिल्ल्यावरनं सगळं सुरू झालं. शाळेत झेंड्याला माजी सैनिकांच्या घरच्यांना बोलावतात. आई तुमचे बिल्ले पदराला लावून गेलती. तिथं आपल्या गल्लीतले सुभेदार, तुमचे पत्त्यातले जोडीदार, म्हणाले, "वैनी, डाव्या अंगाला ज्येनं कमावला त्येनं लावायचा. घरच्यांनी उजव्या." आई काढून उजवीकडं लावायला लागली, तर त्यांनी त्यातला एक हातात घेतला. तुमचा बर्फातल्या नोकरीचा. उलटा केला, कडंवरनं नख फिरवलं, आणि म्हणाले, "वैनी, ह्यो बाजारातला हाय की! खऱ्याच्या कडंला नाव आन् नंबर असतोय. ही कड कोरी हाय." सुभेदारांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. ते कानात बोलले तरी मुरगूडच्या बाजारात ऐकू जातं. पोरं हसली. चहाच्या वेळी कोण तरी म्हणालं, "म्हंजे फौजी बी डुप्लिकेट का काय?" आणि परत हसणं झालं.

आईनं घरी येऊन म्हशीला वैरण टाकली, धार काढली, आणि मग मला फोन लावला.

"तुझ्या आबांनी बर्फात नोकरी केली का न्हाय?"

"केली की."

"मग त्यास्नी बिल्ला मिळाला का न्हाय?"

"फीत मिळालती. बिल्ला मागनं येणार म्हणायचे. परेडला लावायला म्हणून छावणीच्या बाजारातनं घेतलता, तोवर."

"तोवर म्हंजे कवापातूर?"

मग तीच म्हणाली, "मागनं येणार हुता न्हवं? मग आता मीच मागं लागते."

थंडीत इथलं काम बंद पडतं, तेव्हा मी गावाकडं आलो. आई आणि मी पहिल्या गाडीनं कोल्हापूरला. मंगळवार पेठेत एक भांड्याचं दुकान लागतं, तिथं मशीननं टर्रर्र करत भांड्यावर नाव घालून देतात. ते बघून माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, "आई, कशाला हापिसं धुंडाळायची? हितंच कडंला नाव घालू. चहा पिऊस्तवर हुतंय. सुभेदारांच्या बापाला कळायचं न्हाय."

आई भर रस्त्यात थांबली. मागं एक रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. ती म्हणाली, "भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालत्यात. ह्येच्यावर घेणाऱ्याचं. ज्येनं द्यायचा त्येनंच ते घातलं पायजे. आपुन घातलं तर त्यो तांब्याच झाला की रं." आणि चालायला लागली. नववी नापासाला गप करायला एवढं पुरतं.

माजी सैनिकांच्या कामाच्या हापिसात टेबलावर जे क्लार्क होते ते स्वतः रिटायर फौजी, वर वळलेल्या मिशा, बोलायला गोड. नंबर त्यांनी पेन्शनच्या कागदावरनं उतरून घेतला. मग पेन रोखून विचारलं, "मावशी, पतीचं नाव?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "तू नगं. अर्ज त्येंचा हाय, त्येच सांगतील."

आता तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या बायकोनं तुमच्यादेखत कधी तुमचं नाव घेतलं होतं? "अहो ऐकलंत का," "आमचं ह्ये," "पोराचं बा," फार राग आला तर "फौजी." आई पंख्याकडं बघत राहिली. मग डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, आणि हळदीकुंकवाला घेतात तसं, ठसक्यात:

"जोतिबाच्या डोंगरावर गुलालाचा सडा,
…रावांचं नाव घेते, कागद पुढं धाडा!"

हापीस गार. चहा घेऊन आलेल्या माणसानं किटली खाली ठेवून टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनी. एका बाईंनी तर "आणखी एक!" म्हणून फर्माईश केली. क्लार्क मिशीतनं हसत म्हणाले, "मावशी, ह्या टेबलावर असला अर्ज जलमात आला नव्हता," आणि जे ऐकलं ते लिहिलं. रावासकट. मी डोळ्यांनी बघितलं आणि मला ते बरोबरच वाटलं. लग्नाच्या पत्रिकेत, मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर, घरातल्या घागरीवर, सगळीकडं तुम्ही रावच. मला कुठं माहीत, राव तुमच्याबरोबर फौजेत गेलाच नव्हता म्हणून.

कागद परत आला. नंबर जुळतो, पण त्या नंबरवर ह्या नावाचा जवान कधी नव्हता, असं त्याच्यात होतं. मी ते आईला वाचून दाखवलं आणि लगेच वाटलं, नको होतं दाखवायला. आबा, आई तशी रडणारी नाही, तुम्हाला माहीत आहे. ती रडली नाहीच. "न्हवता?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी भाकरी थापली, मला वाढली, स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी भरताना बायका विचारायच्या, बिल्ल्याचं काय झालं, तर ती घागर घेऊन सरळ चालू लागायची. गावानं हसून जे केलं नव्हतं ते त्या कागदानं केलं. तुम्ही फौजेतच नव्हता म्हटल्यावर इतकी वर्षं ती कुणाची वाट बघत होती?

परत कोल्हापूर. क्लार्कनी कागद वाचला, जुन्या कागदाशेजारी ठेवला, आणि कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, चूक तुमची न्हाय. राव नडला! पलटणीत राव नसतोय हो. तिथं समदे नुसते." मग म्हणाले, पलटणीच्या रेकॉर्डवाल्यांना फोन लावतो, ते मावशींना विचारतील, त्यांनी नुसतं नाव सांगायचं की काम झालं.

"नुसतं?" आई म्हणाली.

"नुसतं. राव न लावता."

"जमायचं न्हाय."

"अवं मावशी, त्याच्याबिगर बिल्ला मिळायचा न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे. बायकू हाय मी. गोट्या खेळाय आलीया व्हय त्येंच्यासंगं?"

ती उठायलाच लागली. क्लार्कनी माझ्याकडं बघितलं. माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, तुमची संध्याकाळची हजेरी आठवली. जेवायच्या आधी अंगणात उभं करायचा आम्हाला, छाती काढून, आणि एकेकाचं नाव पुकारायचा, आणि आम्ही ओरडायचो, "हाजिर साब!" म्हशीचं पण नाव पुकारायचा, आणि ती ओरडली नाही की तिच्या वतीनं मी. मी आईला म्हटलं, "आई, आबांना रोज सकाळी कोण तरी नुसत्याच नावानं हाक मारत हुतं. त्या हाकेला ते बर्फात उभं ऱ्हायचं. तू काय शिवी देत न्हाईस. हजेरी घेतीयास."

आई बसली. पदर नीट केला. मग मला म्हणाली, "तू भायेर जा."

मी व्हरांड्यात गेलो. दार उघडंच होतं. आत फोनचा स्पीकर खरखरला आणि लांबच्या कुणा जवान पोराचा आवाज आला, "माताजी, पति का नाम बताइए." पंख्याचा आवाज. पोरगा परत म्हणाला, "माताजी?" आणि मग आई बोलली. ओढ्यापलीकडं गेलेल्या म्हशीला हाक मारते ना, तेवढ्या आवाजात. तुमचं नाव. नुसतं. व्हरांड्यात बसलेली माणसं वळून बघायला लागली, आणि आबा, माझ्या टाचा आपोआप जुळल्या. तोंडातनं "हाजिर साब" निघता निघता राहिलं.

त्याच्या मागोमाग तिचा दुसरा आवाज आला, अगदी बारीक, जीभ चावल्यासारखा. "…राव."

"क्या, माताजी? राव भी लिखना है?"

"न्हाय न्हाय!" आई दचकली. मग तिचं ते हिंदी. "वो मत लिखो. नाव पलटन का हाय. राव हमारा हाय."

मग तो पोरगा म्हणाला, "जी माताजी. राव आप ही रखिए."

बाहेर आल्यावर आईनं मला विचारलं, "ऐकलंस?"

"न्हाय."

"बरं केलंस." आणि पायऱ्या उतरता उतरता, "मला भूक लागलीया." त्या दिवशी तिनं मिसळ खाल्ली, दोनदा कट मागून घेतला, आणि माझ्या पुढ्यातला पाव उचलला.

मग मी इकडं वर आलो, आणि बिल्ला यायला परत थंडी उजाडली; काम बंद म्हणून मी गावाकडंच होतो. त्याच हापिसात, चार खुर्च्या आणि एक हार, एवढाच कार्यक्रम. आईनं सुभेदारांना साक्षीला म्हणून ओढत नेलतं. तरणा साहेब होता, त्यानं बिल्ला दोन्ही हातांनी दिला आणि म्हणाला, नाव बरोबर आहे का बघून घ्या. अक्षरं इंग्रजी, बारीक, गोल कडेवर फिरत गेलेली. आईनं ती डोळ्यांपुढं धरली, बोटानं चाचपली आणि बिल्ला सुभेदारांपुढं केला. "भावजी, तुमीच बघा."

सुभेदारांनी दोऱ्याचा चष्मा लावला आणि बिल्ला फिरवत फिरवत वाचायला लागले. नंबर, हुद्दा, नाव. गेटाबाहेर ऐकू गेलं असेल.

"हळू, भावजी," आई म्हणाली. "नाव हाय ते."

"खरा हाय, वैनी." त्यांनी चष्मा काढला. "आन् त्या दिशी मी खोटा म्हणालो न्हवतो. बाजारातला म्हणालो. माझा बी बाजारातलाच हाय. त्याबिगर मला वळखाय आला असता व्हय?"

"आँ? मग त्या पोरांपुढं का न्हाय सांगिटलासा?"

"माझा कुणी उलटा करून बगितलाच न्हाय."

आबा, आई जी हसायला लागली. साहेबाला काही कळेना, तो पण हसायला लागला. शेवटी डोळं पुसत ती सुभेदारांना म्हणाली, "मग करा की अर्ज. न्हायतर आमच्या जाऊबाईस्नी धाडा, उखाणा मी शिकवते. फकस्त आत जाताना राव दाराभायेर काढून ठेवायचा, चपलासंगं." मग तिनं बिल्ला पदराला लावला, उजव्या अंगाला, आणि मला म्हणाली, "आधी काय करायचं असतंय?" मी सल्यूट ठोकला. बैलाला ठोकलता त्याच्यापेक्षा बरा जमला. गावात आता ती बिल्ला स्वतःच उलटा करून दाखवते, कुणी विचारलं नसलं तरी. वाचता येत नाही, पण नाव कुठं सुरू होतं ते बोटाला पाठ झालंय.

बाजारातला जुना तिनं मी निघताना माझ्या पिशवीत घातला. "ह्यो तू ने. त्येला तिकडच्या थंडीची सवय हाय."

एवढंच सांगायचं होतं. पत्र पाकिटात घालावं म्हटलं तर नावाशीच अडलं. राव घातलं तर तुमच्या पलटणीतल्या कुणाला कळायचं नाही कोण ते. नुसतं घातलं तर आई मला घरात घ्यायची नाही. म्हणून मी वरती पण लिहिलं नाही, आणि पाकिटावर पण लिहीत नाही. राहू दे इथंच, पोकलेनच्या केबिनमध्ये, बाजारातल्या बिल्ल्याच्या मागं.

हां, तेवढं राहिलं. येताना मी तो जुना बिल्ला घेऊन मंगळवार पेठेत त्या भांड्याच्या दुकानात थांबलो. दुकानदार म्हणाला, कड बारीक हाय पावणं, मागच्या अंगाला घालू. मी म्हटलं, कडंलाच पायजे. त्यानं जीव एकवटून घातलं. मराठीत, रावासकट. मग सवयीनं विचारलं, "देणाऱ्याचं काय घालू?" मी मागच्या अंगाला 'आई' घालून घेतलं. आता तो पोकलेनच्या काचेपुढं लटकतोय, बकेट उचललं की हलतो. आईनं नको म्हटलेलं मी केलंय, आणि तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही पण सांगू नका. आणि सुभेदार तिकडं आले कधी, तर हा बिल्ला त्यांच्या हातात देऊ नका. ते उलटा करून बघतात.